वॉटरप्रूफ रायडिंग बुटांच्या नावाखाली गेलेले १२,९२९ रुपये

१२,९२९ रुपये. आकडा आधी सांगून टाकतो, कारण घरी पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी "दहा-एक हजार असतील" म्हणालो होतो आणि त्या खोटं बोलण्याची लाज अजून गेलेली नाही. १,७५० टोकन, ९,९९९ उरलेले आणि सगळं कळून चुकल्यावर वरून १,१८०. शेवटचे १,१८० सगळ्यात जास्त झोंबतात. त्यांच्याबद्दल पुढे सांगतो.

बारा वर्षं गाडी चालवतोय. आमच्या ग्रुपात कुणाला हेल्मेट घ्यायचं असो की जॅकेट, आधी मला फोन येतो. म्हणूनच हे लिहायला तीन महिने लागले. पण गेल्या आठवड्यात ग्रुपातल्याच एका मुलानं मला एक जाहिरात पाठवून विचारलं, "दादा, हे बूट घेऊ का?" उघडून बघतो तर मला फसवणारा तोच व्हिडिओ, तीच लाल बादली. फक्त दुकानाचं नाव बदललेलं. आता गप्प बसलो तर त्याच्या पैशांचं पाप माझ्या माथी येईल.

बूट कशासाठी हवे होते ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीतच आहे. मागच्या वर्षी जुलैत ताम्हिणीत साडेतीन तास पावसात होतो. साधे बूट आणि वर प्लास्टिकची कव्हरं. घाट उतरेपर्यंत बोटं इतकी बधिर झाली की गिअर पडलाय की नाही ते पायाला कळेना. मोजे काढले तर तळवे पांढरेफटक, सुरकुत्या पडलेले. या वर्षी ऑगस्टअखेर मनाली ते लेह ठरलं होतं. तिकडे पाऊस कमी, पण रस्त्यात नाले. बर्फ वितळून येणारं पाणी दुपारनंतर वाढत जातं, आणि तो गारठा एकदा पायात शिरला की दिवसभर निघत नाही. त्यामुळे या वेळी बुटांत काटकसर करायची नाही, असं मी स्वतःशी ठरवलेलं होतं. स्वस्तात काहीतरी मिळवायला गेलो आणि फसलो, असा अर्थ कुणी काढू नये.

दुकानांत चौकशी केली होती. आतून मेंब्रेन म्हणजे पाणी अडवणारा पातळ थर, घोट्याला कडक कवच आणि चांगला सोल असलेली आयात जोडी २४ हजारांच्या खाली कुणी बोलत नव्हतं. २ ऑगस्टला ही जाहिरात दिसली: इटलीच्या एका नामांकित कंपनीचे टूरिंग बूट, छापील किंमत २७,५००, स्टॉक क्लिअरन्समध्ये ११,७४९. तीन हजारांना देतो म्हणाला असता तर मी तिकडे फिरकलोही नसतो, इतकं मलाही कळतं. पण सीझन संपत आला की मागच्या वर्षीचं मॉडेल निम्म्या किमतीत निघतं, हे मी स्वतः जॅकेटच्या बाबतीत अनुभवलंय. त्यांनाही ते ठाऊक आहे. भाव त्यांनी अगदी नेमका धरला होता.

साइटवर जीएसटी क्रमांक होता, परतीचं धोरण होतं. तक्रार अधिकाऱ्याचं नाव मात्र नव्हतं, पत्ताही नव्हता. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्यानं कंपनीचं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचा संपर्क देणं बंधनकारक आहे. हे मला नंतर कळलं. तुम्ही आधी बघा. ही माहिती नसेल तर पुढे वाचूसुद्धा नका.

३ तारखेला रात्री मीच विक्रेत्याकडे व्हिडिओ कॉल मागितला. तो लगेच तयार झाला, आणि तिथेच माझा अर्धा संशय विरला. त्यानं बुटात कोरडा टिश्यू पेपर कोंबला, बूट लाल बादलीत घोट्याच्या वरपर्यंत बुडवला आणि दहा मिनिटं माझ्याशी लेहच्या रस्त्याबद्दल गप्पा मारल्या. मग टिश्यू काढून दाखवला, कोरडाठक्क. तेव्हा लक्षात आलं नाही ते आता सांगतो. नुसता बुडवलेला बूट काहीच सिद्ध करत नाही. बूट गळतो तो चवड्यापाशी वाकतो तिथे आणि जिभेच्या, म्हणजे पुढच्या उघडणाऱ्या पट्टीच्या, शिवणीत, तेही पाय आत असताना, अंगाचं वजन पडल्यावर. परीक्षा घ्यायचीच तर बूट घालून पाण्यात उभं राहायचं आणि पंधरा-वीस मिनिटं टाचा उचलत राहायचं.

आता तो क्षण. तीन महिन्यांत असा एक दिवस गेला नाही की तो मी पुन्हा पाहिला नाही.

मी त्याला म्हणालो, जीभ उलटी करून लेबल दाखव. रायडिंग बुटांसाठी ईएन १३६३४ हे युरोपीय मानक आहे. खऱ्या बुटाच्या लेबलवर मोटारसायकलस्वाराचं छोटं चित्र असतं, मानकाचा क्रमांक असतो आणि २०१७ च्या आवृत्तीनुसार चित्राखाली चार आकडे असतात, प्रत्येक १ किंवा २. पहिला बुटाच्या उंचीचा. दुसरा रस्त्यावर घासलं तर किती टिकेल त्याचा. तिसरा धारदार वस्तूचा घाव बसला तर वरचं आवरण किती चिरतं त्याचा. चौथा गाडी पायावर पडली तर सोल आडव्या दाबाला किती दबतो त्याचा. पाणी अडवण्याची चाचणी झाली असेल तर वेगळी डब्ल्यूआर ही अक्षरं असतात, घोट्याच्या संरक्षणाची झाली असेल तर आयपीए. हे मी ग्रुपातल्या कितीतरी जणांना समजावलंय. त्या रात्री कॅमेरा लेबलवर जेमतेम तीन सेकंद थांबला. मला चित्र दिसलं, सीई हे युरोपीय चिन्ह दिसलं, आणि खाली कोरी जागा दिसली. दिसली. नजरेतून सुटली असं नाही.

मी विचारलंसुद्धा, "नंबर कहाँ हैं इसके नीचे?"

तो क्षणाचाही विलंब न लावता म्हणाला, "सर, वो यूरोप में बेचने के लिए होता है, इंडिया व्हर्जन में नहीं आता."

मी "अच्छा" म्हणालो.

हा "अच्छा" मला आयुष्यभर पुरणार आहे. चाचणी त्या मॉडेलची होते, गिऱ्हाईक कोणत्या देशातलं आहे याची होत नाही. एका देशाचा माल म्हणून कुणी लेबलवरचे आकडे खरवडून पाठवत नाही. रायडिंग बूट घेताना आपण युरोपच्या लेबलवर भरवसा ठेवतो, आणि नेमकी तीच फट त्यानं वापरली. शिवाय बादलीतल्या बुटाच्या चवड्याची शिवण करड्या दोऱ्याची होती आणि लेबल दाखवलेल्या बुटाची काळ्या. तेही माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. दोन वेगळे बूट होते ते.

मग गप्प का बसलो? कारण निघायला तीन आठवडे उरले होते, माझ्या मापाचे, ४३ नंबरचे "दोनच जोड शिल्लक" होते आणि त्याच्या गप्पांत गाडीवाल्याचा जिव्हाळा होता. थकून ऑफिसमधून आलेला माणूस रात्री साडेनऊला पंचनामा करत नाही. हे मी स्वतःला सावरण्यासाठी सांगतोय असं कुणाला वाटेल. वाटू द्या, पण त्या वेळी ते तसंच होतं.

टोकनचे १,७५० त्याच रात्री यूपीआयनं दिले. पिन टाकण्याआधी स्क्रीनवर नाव आलं ते दुकानाचं नव्हतं, कुण्या बाईचं होतं. बायको शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "हे कुणाचं नाव आहे? दुकानाचं का नाही येत?" त्याला विचारलं तर तो म्हणाला, अकाउंटंटचं खातं आहे, कंपनीच्या खात्याची मर्यादा आज संपली. मी बायकोला म्हणालो, "असतं असं." तिनं नंतर एका शब्दानंही ते काढलं नाही, आणि मला त्याचाच जास्त त्रास होतो. दुकानाच्या नावावर खातं नसेल तर पैसे द्यायचे नाहीत. अकाउंटंट, मेहुणा, गोदामवाला, कुणाच्याही खात्यावर नाहीत. दुकान क्रेडिट कार्ड घेत असेल तर कार्डानंच द्या. वर्णनाप्रमाणे माल आला नाही तर कार्डावर चार्जबॅक, म्हणजे बँकेकरवी पैसे परत, मागता येतो. यूपीआयवर पिन टाकला की दोर आपल्या हातून सुटला.

५ तारखेला खोक्याचा फोटो आला, बिल आलं, मी ९,९९९ पाठवले. बिलावरचा जीएसटी क्रमांक मी १९ तारखेला पहिल्यांदा बोट ठेवून मोजला. चौदा अक्षरं. खरा क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की कंपनीचं नाव-गाव समोर येतं. अर्ध्या मिनिटाचं काम.

१४ ऑगस्टला खोकं आलं.

हातात घेताक्षणी हलकं लागलं. उघडलं तर गोंदाचा उग्र वास. लांबून बूट हुबेहूब जाहिरातीतले. घोट्यापाशी अंगठ्यानं दाबलं, अंगठा आत गेला. कवच नव्हतंच, दोन बाजूंना स्पंजच्या चकत्या होत्या. सोलवरचा, विब्रम या सोल बनवणाऱ्या कंपनीचा पिवळा अष्टकोनी शिक्का नखानं उचकटला तर स्टिकरसारखा निघून आला. बाजूला गोअर-टेक्स या वॉटरप्रूफ मेंब्रेनच्या ब्रँडची चकचकीत पट्टी लटकत होती. रात्री बाथरूममध्ये बूट घालून टबात उभा राहिलो. चार मिनिटांत डाव्या पायाच्या करंगळीपाशी गार लागलं, सातव्या मिनिटाला दोन्ही मोजे ओले.

डावा बूट मी दुसऱ्या दिवशी ब्लेडनं चिरला. वॉटरप्रूफ बुटात मेंब्रेनचा अख्खा मोजा आतल्या अस्तराला जोडलेला असतो आणि त्याच्या प्रत्येक शिवणीवर टेप चिकटवलेली असते, म्हणजे सुईच्या भोकातून पाणी शिरत नाही. इथे अस्तराखाली निघाली भाजीच्या पिशवीसारखी पातळ पिशवी, फक्त पंज्यापाशी चिकटवलेली. जिभेच्या दोन्ही कडांना मशीनची शिवण थेट त्या पिशवीतून गेली होती. उजेडासमोर धरली तर सुईची भोकं ओळीनं चमकत होती. कितीतरी वेळ मी ती धरून उभा होतो.

खोक्यावर आयातदाराचं नाव, पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष, छापील किंमत, यांतलं काहीही नव्हतं. आयात केलेल्या पॅकबंद मालावर हे असायलाच हवं, वजन-मापाचा नियमच तसा आहे. खरेदीआधी खोक्याच्या त्या बाजूचा फोटो मागा. देत नसेल तर विषय संपला. महिना-वर्ष आणखी एका कारणासाठी बघा: पीयूचा (पॉलियुरेथेनचा) सोल गोदामात दमट हवेत वर्षानुवर्षं पडून राहिला की आतून कुजतो आणि एके दिवशी चालता चालता भुगा होतो. खऱ्या कंपनीच्या जुन्या मालातही हे होतं.

आणि आता ते १,१८०. मी फोन केला तेव्हा तो भांडला नाही. उलट माफी मागितली. गोदामातून चुकून डेमो पीस गेला म्हणाला, बदलून देतो, फक्त रिव्हर्स पिकअपचे, म्हणजे माल परत न्यायचे, १,००० आणि त्यावर अठरा टक्के, ते पैसे नंतर परत. मी भरले. चिरलेला बूट समोर पडलेला असताना भरले. लोक विचारतात, तेव्हा तरी कळलं नव्हतं का? कळलं होतं. पण ११,७४९ बुडाले हे मान्य करणं आणि १,१८० देऊन आणखी चार दिवस आशा धरणं, यातलं दुसरं त्या दिवशी सोपं होतं. हा त्यांचा नेहमीचा दुसरा घास आहे. एकदा फसलेल्याकडूनच ते पुन्हा पैसे काढतात. पिकअपला कुणी आलं नाही. १९ तारखेला त्यानं मला ब्लॉक केलं.

मग दारोदार फिरणं सुरू झालं.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला मी २० तारखेला फोन लावला, म्हणजे पहिल्या पैशानंतर सतराव्या दिवशी. हा दोष माझा. तो क्रमांक पहिल्या तासासाठी आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात जायच्या आत गोठवले तर हाती लागतात. माझ्या पैशांचा तोवर मागमूस उरला नव्हता. तक्रार नोंदली गेली, क्रमांक मिळाला.

बँकेत गेलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, पिन तुम्हीच टाकलाय ना? मग हा अधिकृत व्यवहार." मी म्हणालो, पिन मीच टाकला, पण खोटं सांगून टाकायला लावला. तर तिनं एक फॉर्म दिला. त्यावर पर्याय दोनच होते, कार्ड हरवलं किंवा व्यवहार माझ्या नकळत झाला. माझ्यासारख्यांसाठी रकानाच नाही. ज्या खात्यात पैसे गेले त्या बँकेला पत्र लिहा म्हणालो, तर ते पोलिसांचं पत्र आल्याशिवाय होत नाही.

पोलीस ठाण्यात २१ तारखेला दीड तास बसवून ठेवलं. समोरच्या साहेबांनी चिरलेला बूट उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "वस्तू तर आली ना घरी? मग फसवणूक कसली? माल खराब निघाला तर ग्राहक मंचात जा." मी म्हणालो, साहेब, कंपनीच खोटी आहे, बिल खोटं, लेबल खोटं. "अहो, बारा हजारांचं काय घेऊन बसलात, इथे लोकांचे बारा-बारा लाख जातात." दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. ते साहेब बंदोबस्तावर. लेहहून आल्यावर दोनदा गेलो. एकदा म्हणाले, सायबरला जा. सायबरवाल्यांनी सांगितलं, एवढ्या रकमेचं तुमच्या ठाण्यातच होतं. चार फेऱ्या, दोन अर्धे दिवस बिनपगारी, आणि हातात काय, तर अर्जाच्या झेरॉक्सवर पोच म्हणून मारलेला एक पुसट शिक्का.

इथेच मला त्या खोक्याचा खरा उपयोग कळला. काहीच पाठवलं नसतं तर तो सरळ गुन्हा दिसला असता. दोन-चारशे रुपयांचे बूट पाठवले की प्रत्येक टेबलावरचा माणूस "माल आला ना?" म्हणून मोकळा. माल पाठवणं हा फसवणुकीचाच भाग आहे, हे मी चार टेबलांवर चार वेळा ओरडून सांगितलं. खोटं सांगून, सुरुवातीपासून फसवायच्याच हेतूनं पैसे काढले की भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं. सोबत हलका माल चिकटवला म्हणून तो हेतू धुऊन निघत नाही. तुमच्यावर वेळ आली तर ठाण्यात तोंडी बोलू नका. लेखी अर्ज द्या, त्यात "खराब माल" हा शब्द चुकूनही लिहू नका. "बनावट नाव, बनावट बिल, बनावट लेबल" असंच लिहा. आमची हद्द नाही म्हणाले तर झिरो एफआयआर मागा, कोणत्याही ठाण्याला तो नोंदवता येतो. आणि खोकं उघडताना सलग व्हिडिओ करा, पत्त्याच्या चिठ्ठीपासून. माझ्याकडे तो नाही, त्यामुळे हे बूट त्याच खोक्यातून निघाले याचा पुरावाही नाही.

कुरिअरवाल्यांना पाठवणाऱ्याचा पत्ता मागितला तर "ग्राहकाची माहिती देता येत नाही." मग मी कोण होतो? जाहिरात ज्या अॅपवर दिसली त्यांना कळवलं, सहा तासांत उत्तर आलं की जाहिरातीत नियमभंग आढळला नाही. वकील मित्र म्हणाला, जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, तक्रार घरबसल्या करता येते. फक्त समोरच्याचं नाव-पत्ता लागतो. तोच तर नाही! खोट्या माणसाविरुद्ध दाद मागायला त्याचा खरा पत्ता मीच शोधून आणायचा, सगळीकडे याच भिंतीवर डोकं आपटलं.

लेहला जुनेच बूट घालून गेलो. मोज्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या, वर रबर बँड. बारालाचा खिंडीच्या अलीकडे एका नाल्यात गाडी अडकली, दोन्ही पाय टेकावे लागले. सरचूच्या तंबूत पोचेपर्यंत पावलं कुणा दुसऱ्याची असल्यासारखी वाटत होती.

नवे बूट आता दुकानात जाऊन घेतले, २४,८०० ला. लेबलवरचे चारही आकडे मोजले, डब्ल्यूआर बघितलं, घोटा दाबला, आणि जिभेची बाजूची घडी कुठवर शिवलीय ते पाहिलं, कारण पाणी त्या उंचीवर गेलं की कसलंही मेंब्रेन कामाचं नाही. दुकानदाराला वाटलं मी विकत घ्यायला नाही, तपासणीला आलोय. वाटू दे.

त्या मुलाला आलेल्या जाहिरातीत आता भाव १०,९९९ आहे. दुकानाचं नाव नवं, पण लाल बादलीच्या काठाला तोच तुटका कोपरा, मागे तीच निळी ताडपत्री. पैसे ज्या नावावर गेले ते आडनाव आणि बिलाचा क्रमांक मी जपून ठेवलाय. याच बादलीवाल्याला आणखी कुणी पैसे दिले असतील तर लाज बाजूला ठेवा, १९३० वर तक्रार करून तिचा क्रमांक मला कळवा. सुटे बारा-बारा हजार कुणी ऐकून घेत नाही. पाच-सहा जणांचे अर्ज एकाच खात्याविरुद्ध जोडून दिले तर ठाण्यातल्या त्या टेबलावर मी पाचव्यांदा जायला तयार आहे.